पाकिटे अनेक, जनुक एकच

१/ अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचे सुमारे एक तृतीयांश मूल्य ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया अशा अवघ्या सात तंत्रज्ञान कंपन्यांत एकवटले आहे. ‘निर्विवाद वर्चस्व असलेल्या मोजक्या कंपन्यांचेच शेअर घ्यावेत’ हा सल्ला तरुण गुंतवणूकदारांत रूढ होतो आहे. जालन्याच्या काळ्या मातीत या सल्ल्याची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. 🧵

२/ १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या मोन्सँटोने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला. मार्च २००२ मध्ये महिकोच्या बीटी कापसाला मान्यता मिळाली. जनुकीय बदल केलेले भारतातील हे पहिले पीक होय.

३/ दशकभरात देशातील ९० टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. दुकानात कंपन्यांची पाकिटे अनेक. बहुतेकांतील जनुक मात्र मोन्सँटोचेच. त्यापोटी प्रत्येक पाकिटामागे महिको-मोन्सँटोच्या संयुक्त कंपनीला शुल्क मिळे.

४/ या वर्चस्वाला पहिला शह सरकारने दिला. २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली. १,६०० रुपयांहून महाग पाकीट ७५० रुपयांवर आले. २०१६ मध्ये केंद्राने तंत्रज्ञान शुल्क १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आणले. तंत्रज्ञान शेतात होतेच. मालकाचे उत्पन्न तेवढे आटले.

५/ दुसरा शह गुलाबी बोंडअळीचा. पहिल्या पिढीच्या बीटीला ती गुजरातेत दाद देत नसल्याचे मोन्सँटोनेच २०१० मध्ये मान्य केले. २०१७ मध्ये दुसऱ्या पिढीचा बीटीही तिने पोखरला. विदर्भ-मराठवाड्यातील बोंडे हातची गेली. पाकिटे बदलून उपयोग नव्हता, कारण आतले जनुक एकच होते.

६/ यावरचा उपाय पाकिटासोबतच मिळत असे. ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे, ‘रेफ्युजी’ म्हणून कडेने लावण्यासाठी. अळीची प्रतिकारशक्ती वाढू नये, हा हेतू. पण त्या ओळी अळी खाणार हे उघड होते आणि दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला तेवढेही नुकसान परवडणारे नव्हते. बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही.

७/ आक्षेप रास्त आहे: बारवाल्यांनीही आयुष्य एकाच कंपनीत ओतले आणि ते यशस्वी ठरले. परंतु संस्थापक पुढच्या हंगामात वाण बदलू शकतो. भागधारकाच्या हाती फक्त राखणे किंवा विकणे उरते.

८/ सात कंपन्यांचे शेअर म्हणजे जोखीम सात ठिकाणी वाटली, हा भ्रम आहे. त्यांतील बहुतेकींची भिस्त आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर आहे. त्या घ्याव्यात, पण काही भाग या लाटेशी संबंध नसलेल्या ठिकाणी असावा. तेजीत तो भाग वाया गेल्यासारखा वाटेल. जालन्यात १२० ग्रॅमची पुडीही तशीच वाटली होती.