नाव रावेरला, मुक्काम पुण्याला

१३ मे २०२४. लोकसभेच्या चौथ्या टप्प्यात रावेर आणि पुणे, दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झालं. रावेरमध्ये ६४ टक्क्यांच्या आसपास, पुण्यात ५४च्या. असे आकडे आले की नेहमीचा सूर लागतो, ‘आजकालच्या पोरांना काही पडलेलीच नाही!’

पण दोस्तहो, रावेर, सावदा, निंभोऱ्याहून पुण्याला शिकायला गेलेल्यांचा हिशेब या आकड्यांत कसा लागतो, ते बघा. नाव गावच्या यादीत, मुक्काम पुण्याच्या होस्टेलवर. रावेरच्या यादीत तुम्ही गैरहजर, पुण्याच्या यादीत तुम्ही नाहीतच. रात्रभराचा प्रवास, जाण्यायेण्याचं भाडं आणि डोक्यावर परीक्षा. तरीही जे गावी येऊन मत देतात त्यांचं कौतुक आहेच; पण जे येऊ शकले नाहीत त्यांना सरसकट आळशी ठरवणं बरोबर नाही.

कायद्याने तरुणांसाठी काहीच केलं नाही, असंही नाही. १९८९मध्ये मतदानाचं वय २१वरून १८वर आलं. पूर्वी नावनोंदणीसाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरली जायची. २ जानेवारीला अठरा पूर्ण झाली की थांबा वर्षभर! २०२१च्या दुरुस्तीने जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीख अशा चार संधी मिळाल्या. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. यादीत नाव येणं सोपं झालं. केंद्रापर्यंतची वाट मात्र तेवढीच लांब राहिली. मतदानाच्या दिवशी नोकरदाराला भरपगारी सुट्टी मिळते. पण एका दिवसाच्या सुट्टीत पुण्याहून रावेर गाठून परत जाऊन दाखवा!

जवानाला आणि निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला टपाली मत आहे. ८५ वर्षांपुढचे आजी-आजोबा आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात. म्हणजे मतदार येऊ शकत नसेल तर मत त्याच्यापर्यंत न्यायचं, हे आपण मान्य केलेलंच आहे. मग शिकायला बाहेर गेलेल्याने काय घोडं मारलंय?

डिसेंबर २०२२मध्ये निवडणूक आयोगाने एक यंत्र पुढे आणलं. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल, असं ते यंत्र. पक्षांनी आक्षेप घेतले. स्थलांतरित म्हणायचं कोणाला? दूरच्या केंद्रावर पक्षांचे प्रतिनिधी बसणार कसे? प्रश्न रास्त आहेत. पण विद्यार्थ्यांपुरतं पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या बोनाफाईडवर छापलेलं असतं. म्हणूनच आमचं म्हणणं, सुरुवात विद्यार्थ्यांपासून करा. टपाली मत द्या किंवा मोठ्या शहरांत खास केंद्रं उघडा, पण कायद्यात तशी तरतूद करा.

तोवर हातात काय आहे? कॉलेजच्या प्रमुखांचं प्रमाणपत्र जोडून होस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. नवीन नावासाठी फॉर्म ६, गावचं नाव हलवायचं असेल तर फॉर्म ८. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे, त्यामुळे निवड करावीच लागेल. मत पुण्याला नेलं की गावचा सरपंच आणि केळीच्या पीकविम्यावर बोलणारा आमदार निवडण्यातला तुमचा वाटा गेला. गावी ठेवलं तर प्रवास आला. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात चार-दोन मतांनीही निकाल फिरतो, हे विसरू नका. काय ते ठरवा, पण निवडणूक जाहीर व्हायच्या आत ठरवा.

आणि पुढच्या वेळी कोणी मत मागायला दारात आलं, की त्यांना एवढंच विचारा, ‘आमचं मत आमच्यापर्यंत कधी आणताय?’