गाणाऱ्या पक्ष्यांची गणती आणि आपली जीवदया

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी सूत-कापडाच्या बाजारभावांची चर्चा येते, कराविषयीचे तज्ज्ञांचे लेख येतात, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्यात पक्ष्यांचा विषय घेऊन येणे काही बंधूंना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या प्रश्नाने गेले काही महिने मला स्वस्थता लाभू दिली नाही, तो धर्माचाही आहे आणि व्यापाराचाही. म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रसंग अगदी साधा. फाल्गुनातील एका रविवारी सचिन येथील आपली काही कुटुंबे मुलाबाळांसह सुरतेच्या सरथाणा प्राणिसंग्रहालयात सहलीस गेली होती. महानगरपालिकेचे हे उद्यान १९८४ मध्ये तापीकाठी सुरू झाले आणि त्याचा विस्तार ८१ एकरांचा आहे. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतील बॉयलरांचा धूर व यंत्रमागांचा खडखडाट रोज अनुभवणाऱ्यास तेथील वृक्षांची सावली हीच एक मेजवानी वाटावी. सहलीत एका तरुण सभासदाने टूम काढली. परदेशांत प्राणिसंग्रहालये पाहत हिंडणाऱ्या हौशी मंडळींत एक मैत्रीची स्पर्धा चालते म्हणे. वर्षभरात कोणी गाणाऱ्या पक्ष्यांच्या किती जाती पाहिल्या, याची ते आपापसांत गणती करतात. बक्षीस नाही, पैज नाही. शब्दावर विश्वास ठेवायचा. तसेच आपणही करू या, असे ठरले. मुलांचे दोन गट पडले, तीन तासांची मुदत ठरली आणि वयाने वडील म्हणून पंचाचे काम माझ्या गळ्यात पडले. पक्ष्यांविषयी माझे ज्ञान तेव्हा चिमणी-कावळ्यापलीकडे फारसे गेलेले नव्हते, हे आताच कबूल केलेले बरे.

एक गट पिंजऱ्यांकडे धावला आणि पाट्यांवरची नावे भराभर उतरवून घेऊ लागला. दुसऱ्या गटात माझी नात होती. पिंजऱ्यांपाशी गर्दी झालेली पाहून हा गट रुसून झाडांखाली बसला आणि वर पाहू लागला. मुदत संपल्यावर पहिल्या गटाची यादी अर्थातच लांबलचक होती. परंतु मजा पुढेच आली. बरोबर आणलेल्या पक्षिपुस्तकाच्या आधारे छाननी सुरू केली, तेव्हा त्या यादीतील नावे एकामागून एक गळू लागली. पोपट हा गाणारा पक्षी नव्हे, मोर नव्हे, कबुतर नव्हे, तितर नव्हे. उलट झाडांखाली बसलेल्यांच्या वहीत बुलबुल होता, दयाळ होता, साळुंकी, शिंपी, शिंजीर, कोतवाल, पाण्याच्या कडेला शेपटी हलवीत फिरणारा धोबी आणि दुर्लक्षित चिमणीही होती. प्राणिसंग्रहालयातील खरे गायक बहुतांशी पिंजऱ्यांबाहेरच होते!

येथवर सर्व सुरळीत होते. पण दुसऱ्या गटाने कोकिळाचेही नाव लिहिले होते. वर कोठेतरी तो ओरडतही होता. आणि नातीने, केवळ यादी वाढविण्यासाठी, कावळाही घुसडला होता. मी कोकीळ मान्य केला आणि कावळा खोडला. पुस्तक मात्र नेमके उलट सांगत होते. पक्षिशास्त्रात गाणारे पक्षी हे आवाजाच्या गोडीवर ठरत नाहीत. ते एक कूळ आहे. जगातील सुमारे अकरा हजार पक्षिजातींपैकी पाच हजारांच्या आसपास जाती या कुळात मोडतात. श्वासनलिका जेथे दुभंगते तेथे असलेले त्यांचे स्वरयंत्र विशेष गुंतागुंतीचे असते आणि त्यांची पिल्ले वडीलधाऱ्यांचे ऐकून गाणे शिकतात. कावळा या कुळातला, कोकीळ नव्हे. कोकिळाचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, रात्रंदिवस काव काव ऐकते आणि तरीही मोठेपणी कुहू कुहूच करते. कारण ते त्याला शिकावे लागत नाही, ते जन्माबरोबरच मिळालेले असते. शतकानुशतके कवींनी ज्याला गायकांचा राजा म्हटले, तो या दरबारात बसूच शकत नाही आणि श्राद्धापुरता ज्याला मान मिळतो तो मात्र हक्काने बसतो. निकाल बदलताना मला थोडी लाज वाटली. ‘काका, पंचांनी पुस्तक आधी वाचायला हवे होते,’ असे एक मुलगा म्हणाला, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

परतीच्या वाटेवर, त्या हास्यविनोदात, नातीने सहज विचारले, ‘आजोबा, तुम्ही पर्युषणात सोडता ते पक्षी गाणारे असतात का?’

असतात. त्या मुनिया. मुनिया गाणाऱ्याच कुळातल्या. हे उत्तर देताना मला जी आठवण झाली, ती मी आजवर घरातही कोणास सांगितलेली नव्हती.

काही वर्षांपूर्वी पर्युषणाच्या दिवसांत एक मनुष्य पिंजरा घेऊन आमच्या गल्लीत आला. टीचभर पिंजऱ्यात मुनिया कोंबलेल्या होत्या. जीवदयेच्या भावनेने मी सगळ्या विकत घेतल्या, नवकार म्हणून दार उघडले आणि त्या उडून जाताना पाहून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा पाच-सहा मुनिया ओट्यावरच बसून होत्या. त्यांना उडता येत नव्हते. दोन संध्याकाळपर्यंत गेल्या. आठवडाभराने तोच मनुष्य तसाच भरलेला पिंजरा घेऊन माझ्या दुकानासमोर उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला, ‘शेठ, आज किती सोडायच्या?’

वाचकहो, आपण सारे व्यापारी आहोत. मागणी तसा पुरवठा, हे आपणास कोणी शिकवावे लागत नाही. एखाद्या व्यापाऱ्याने आपल्याकडून दर पर्युषणाला अमुक इतके ताके रोखीने उचलले, तर पुढल्या वर्षी आपण ते आधीच विणवून ठेवतो. फासेपारधी वेगळे काय करतो? मी दिलेले पैसे त्या मुनियांच्या सुटकेची किंमत नव्हती. पुढच्या पिंजऱ्याची ती आगाऊ मागणी होती. माझ्या वहीत मी ते पुण्याच्या खाती जमा धरले होते. आज तोच आकडा नावे टाकावा लागेल असे वाटते. उत्तर भारतातील जिवंत पक्ष्यांच्या व्यापारावर अबरार अहमद यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मभावनेने सोडण्यासाठी घेतले जाणारे पक्षी हाही या व्यापाराचाच एक भाग असल्याचे जाणकार तेव्हापासून सांगत आले आहेत. आपल्या कानावर ते आले नाही, की आपण येऊ दिले नाही?

कायद्याचे म्हणावे तर तोही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९९०–९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झालेला आहे. मुनिया विकणारा जसा गुन्हा करतो तसा घेणाराही करतो, मग हेतू कितीही उदात्त असो. सुरतेत जप्त झालेल्या, पंख जायबंदी केलेल्या पक्ष्यांच्या एका खटल्यात २०११ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने, पक्ष्याला आकाशात मुक्तपणे विहरण्याचा हक्क आहे, असे मानून त्यांना सोडून देण्याचा आदेश दिला. आपल्याच शहरातला हा निर्णय आपल्या किती सभासदांस ठाऊक आहे?

आणि धर्माचे म्हणावे, तर तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत सर्वांत पहिला ‘बंध’ आहे. मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी रोखणे हे सारे त्यानंतर. पुन्हा कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही वाटांनी कर्म लागते, हे प्रत्येक व्याख्यानात आपण ऐकतो. मी मुनिया पकडल्या नाहीत. पण पकडविल्या, याहून दुसरा अर्थ त्या आगाऊ मागणीचा मला लावता येत नाही.

आपल्या पूर्वजांची रीत अशी नव्हती. १६२३ मध्ये सुरतेमार्गे खंबायतेस गेलेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. आजारी, लंगडे, जोडीदार गमावलेले पक्षी तेथे आणले जात. बरे झाल्यावर रानटी पक्ष्यांना मोकळे सोडत आणि पाळीव असतील ते धर्मशील गृहस्थांच्या स्वाधीन करीत. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध चष्मा लावून, कापसात ठेवलेल्या अनाथ उंदरांच्या पिल्लांना पिसाने दूध पाजताना त्या प्रवाशाने पाहिला. येथे कोणी कोणास विकत घेतलेले नाही, हे लक्षात घ्या. जो दुखावलेला होता तो आत आला, बरा झाला तो बाहेर गेला. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षिरुग्णालय आजही याच वाटेने चालते. बरा झालेला पक्षी तेथे मालकाला परत देत नाहीत, आकाशाला देतात.

आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ बंधूंनी यावर मला रोखठोक प्रश्न केला. बंध हा अतिचार, तर मग मुलांना प्राणिसंग्रहालयात नेताच कशाला? तिकिटाचा पैसा हेही अनुमोदनच नव्हे काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही, आणि मी अजूनही पूर्ण निःशंक झालो आहे असे नाही. तथापि एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. इंडोनेशियात पिंजऱ्यातील पक्ष्यांच्या गायनाच्या मोठमोठ्या स्पर्धा भरतात, बक्षिसे लागतात, आणि त्या शौकापायी तेथील रानेच्या राने मुकी झाली. बाली बेटावरची शुभ्र मैना, जिच्या डोळ्याभोवती निळी कडा असते, या शतकाच्या आरंभी रानात बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. ती जात आज पूर्ण नामशेष झालेली नाही, याचे मोठे श्रेय प्राणिसंग्रहालयांत जोपासलेल्या तिच्या पिढ्यांना आहे. युरोपातील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०१७ मध्ये याच संकटाविषयी एक मोहीमही काढली होती. म्हणजे पिंजरा पिंजऱ्यात भेद आहे. एक खंबायतेच्या रुग्णालयाच्या जातीचा, दुसरा माझ्या गल्लीत आलेल्या त्या माणसाच्या हातातला. कोणता कुठला, हे ओळखावयास मुलांना शिकविले पाहिजे. आणि ते घरी बसून कसे शिकवणार?

म्हणूनच ही स्पर्धा आपल्या संघाने दरवर्षी घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. मात्र तिचे नियम आपल्या धर्माला साजेसे हवेत. गुण मिळावेत ते केवळ मुक्त पक्ष्याला. पिंजऱ्यातला पक्षी वहीच्या वेगळ्या रकान्यात लिहावा, आणि त्यापुढे तो मूळचा कोठला व येथे कशासाठी ठेवला आहे, हे मुलाने विचारून घ्यावे. जेथे उत्तर मिळणार नाही तेथे रकाना कोरा ठेवावा. कोरे रकाने किती राहिले, तेही मोठ्यांनी नजरेखालून घालावे. व्यापारानिमित्त सिंगापूरला जाणारे सभासद २०२३ मध्ये तेथे उघडलेल्या नव्या पक्षिउद्यानात मुलांना घेऊन जातात. त्यांनीही ही वही बरोबर न्यावी. आणि ज्यांना इतके लांब जाणे नको, त्यांना गवियरचे तळे आहे, डुमसची वाट आहे. वसाहतीतल्या एखाद्या गोदामामागच्या बाभळीवरही सुगरणीचे घरटे सापडू शकते, पाहणारा पाहिजे.

दुसरी सूचना पैशाची आहे आणि ती कदाचित अनेकांना रुचणार नाही. पर्युषणात पक्षी सोडविण्यासाठी जी रक्कम बाजूला काढली जाते, ती पक्षी विकत घेण्यास मुळीच वापरू नये. उत्तरायणात १४ जानेवारीच्या आगेमागे मांजाने कापलेले पक्षी शेकड्यांनी खाली पडतात. त्यांच्यासाठी गुजरात शासनाने २०१७ पासून करुणा अभियान चालविले आहे, आणि त्यात आपली तरुण मुले झटतही असतात. औषधे, पेट्या, शस्त्रक्रियेची साधने यांना पैसा लागतोच. शिवाय काचेचा लेप दिलेला दोरा आपल्यापैकी कोणाच्या दुकानातून जातो का, हेही आपले आपण तपासावे. मी या ठिकाणी कोणाकडे बोट दाखवीत नाही. माझ्या गल्लीतल्या ओट्यावरच्या त्या दोन मुनिया अद्याप माझ्या हिशेबात आहेत.

यंदाही पर्युषणाच्या तोंडावर तो मनुष्य आला होता. मी त्यास पक्षी घेणार नाही असे सांगितले, आणि हा धंदा सोडील तर गोदामात हमालीचे काम देईन असेही म्हटले. तो काही न बोलता पिंजरा उचलून पुढच्या गल्लीत गेला. त्या गल्लीत आपलीच सहा घरे आहेत. त्यांपैकी चार घरी मी त्याच संध्याकाळी जाऊन आलो. उरलेल्या दोघांची गाठ पडली नाही. हा लेख ते वाचतील, अशी आशा आहे.