नव्वद किलोमीटरची सुट्टी

‘सात दिवसांत नऊ शहरं!’ असं पानभर छापलेलं ब्रोशर दिसलं की माझ्या पोटात गोळाच येतो. केलीये मी ती टूर एकदा. पहाटे सहाला वेकअप कॉल, बसमधून उतरा, फोटो काढा, पुन्हा बसमध्ये बसा. परत आल्यावर ऑफिसात कुणीतरी विचारलं, ‘फ्लॉरेन्स कसंय रे?’ आणि मला आठवला तो तिथला पार्किंग लॉट!

त्यामुळे मागच्या सप्टेंबरात बॉसच्या हातापाया पडून आठ दिवसांची रजा मिळवली तेव्हा त्यातले चार दिवस फक्त चालायचं ठरवलं. मी आणि ऑफिसातला एक ट्रेकवेडा दोस्त. टस्कनीतल्या सान मिनियातोपासून सिएनापर्यंत, साधारण नव्वद किलोमीटर.

हा रस्ता आमच्या डोक्यातून आलेला नाही. विया फ्रान्चीजेना त्याचं नाव. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक ९९० च्या सुमारास रोमला गेला आणि परतीच्या वाटेवरच्या ७९ मुक्कामांची यादी मागे ठेवून गेला. त्या यादीच्या आधारावर हा यात्रामार्ग पुन्हा आखला गेला आणि १९९४ मध्ये काउन्सिल ऑफ युरोपने त्याला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. वारीच म्हणा ना, फक्त टाळमृदंग नाही आणि गर्दी तर अजिबातच नाही. खांबांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेत, ते बघत चालायचं. यात्रेकरूंचा एक पासपोर्ट मिळतो, प्रत्येक मुक्कामी त्यावर शिक्का. (शिक्क्यांची नशा काय असते ते दुसऱ्या दिवशी कळतं.)

राजगड, हरिश्चंद्रगड केलेल्यांनी चढाची चिंता करू नये. इथे दमवते ती लांबी. पहिलाच टप्पा गांबास्सी तेर्मेपर्यंत २४ किलोमीटरचा, आणि वाटेत चहाची टपरी वगैरे विसरा, पाण्याचीसुद्धा बोंब. आम्ही शहाण्यासारखे एकेक बाटली घेऊन निघालो होतो. दुपारी एकला दोन्ही खडखडीत! तुम्ही दोन लिटर तरी घ्या.

पण तहान लागली की माणूस इकडेतिकडे बघायला लागतो. कॅलेंडरवरची टस्कनी आठवते ना? टेकडी, सुरूच्या झाडांची रांग, वर एकटं दगडी घर. बसच्या खिडकीतून ते घर चार सेकंद दिसतं. चालत गेलात की अर्धा तास समोर असतं आणि हळूहळू मोठं होत जातं. पाणी मागायला म्हणून आम्ही अशाच एका घराच्या अंगणात शिरलो. छप्पर आत कोसळलेलं, वरच्या मजल्याच्या खिडकीतून अंजिराचं झाड बाहेर आलेलं. पुढे आणखी एक तसंच. मग मोजणंच सोडलं.

कोडं सुटलं ते रात्री. गांबास्सीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो होतो. अशा मुक्कामाला आग्रितुरिज्मो म्हणतात. हॉटेलपेक्षा शंभरपट सही! घरची आजी सत्तरी पार केलेली. ती बोलायची आणि सून इंग्रजीत सांगायची. पूर्वी इथली शेती अर्धेलीने चालायची. जमीन आणि घर मालकाचं, राबायचं कुळाने, पीक निम्मं निम्मं. घरातल्या पोरापोरीच्या लग्नालाही मालकाचा होकार लागायचा. युद्धानंतर कारखाने आले तशी तरुण पोरं पगाराच्या नोकरीसाठी शहराकडे पळाली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले, तोवर निम्मी घरं रिकामी पडली होती. आजीचे वडीलही एम्पोलीला काचेच्या कारखान्यात लागले. ‘शनिवारी पगार हातात यायचा. आई पहिल्यांदा नवे बूट घालून चर्चला गेली,’ आजी सांगत होती. तिच्या बोलण्यात हळहळ बिळहळ काही नव्हती. पुढे १९८५ मध्ये शेतकऱ्यांनी पाहुणे ठेवण्याचा कायदा झाला, तेव्हा तिने आणि नवऱ्याने हे पडकं घर घेतलं. डागडुजीला अकरा वर्षं लागली.

जेवायला रिबोल्लिता होतं. शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी पुन्हा उकळून केलेलं दाट सूप. आपला शिळ्या भाकरीचा कुस्कराच, फक्त वरून ऑलिव्ह तेलाची धार. शाकाहारी मंडळींची चंगळ आहे. तिथल्या पावात मीठ नसतं, तक्रार करू नका, रीतच तशी आहे.

‘तुमचं गाव?’ आजीने विचारलं. राजापूरजवळ आमचंही घर आहे, तीन वर्षं बंद. विकायचं का, यावर घरात फोनाफोनी चाललीये, हे तिला कसं सांगणार? ‘मुंबई’ म्हणून मोकळा झालो.

दुसरा दिवस सान जिमिन्यानोपर्यंत, जेमतेम १३ किलोमीटर. एके काळी ७२ बुरूज होते म्हणतात, आता १४ उरलेत. दुपारी गर्दी जाम असते, पण संध्याकाळी टूरवाल्या बसगाड्या गेल्या की गाव तुमचं. तिसरा दिवस मात्र घाम काढतो. मोंतेरिज्जोनीपर्यंत तीस-एकतीस किलोमीटर, दोस्ताच्या टाचेला फोड, त्यात रविवार, सगळं बंद. बसचा विषय दोनदा निघाला. शेवटी टेकडीवरचा तो तटबंदीवाला गाव दिसला. सिएनाने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सला रोखायला बांधलेला. त्याचे बुरूज बघून दान्तेला नरकातले राक्षस आठवले होते. आम्हाला आंघोळ आठवली.

जाणार असाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, जुलै-ऑगस्टचं ऊन भाजून काढतं. शेंगेन व्हिसाची तयारी लवकर करा. नवे बूट घालून तर बिलकुल जाऊ नका.

चौथ्या दिवशी वीस किलोमीटर चालून कामोल्लिया वेशीतून सिएनात शिरलो. या दारापेक्षाही मोठं मन सिएना तुझ्यासाठी उघडते, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर त्या वेशीवर कोरलाय. वेशीच्या सावलीत बसून बूट काढले, मोबाइल सुरू केला. ऑफिसच्या १४३ मेल्स. त्या तशाच ठेवून बाबांना फोन लावला.

‘कसा झाला प्रवास?’ त्यांनी विचारलं.

‘मस्त,’ म्हटलं. ‘बाबा, पावसाळ्याआधी कौलं चाळायला गावात कुणी मिळेल का हो?’