डोके नव्हे, पंख पाहा

थंडीच्या दिवसांत गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. प्रवासी त्यांना ‘सीगल’ म्हणतात आणि हौशी पक्षीनोंदींत बरेचदा नुसते ‘कुरव’ लिहून विषय संपतो. या थव्यात मात्र तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, असे दोन कुरव मिसळलेले असू शकतात. नाव ऐकून डोके पाहायला जावे तर फसगत ठरलेली. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, कानाजवळ काळपट ठिपका तेवढा उरतो. नावातला रंग विणीच्या हंगामातला. तो आपल्या किनाऱ्यावर चढू लागतो तोवर पक्षी परतीच्या वाटेला लागलेले असतात. त्यातही ‘काळे’ डोके प्रत्यक्षात गडद चॉकलेटीच असते! म्हणून नवशिक्यांना ओळख शिकवताना सुरुवात पंखापासून व्हायला हवी. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या पंखाचे टोक रुंद काळे असते आणि त्या काळ्यात ठळक पांढरे ठिपके असतात. दुसऱ्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांबट पांढरा त्रिकोण दिसतो, काळा रंग टोकाच्या किनारीपुरताच. पहिल्याचा डोळा फिकट, चोच जाड. दुसऱ्याचा डोळा गडद, चोच बारीक.

एवढी चिकित्सा कशाला, दोघेही कुरवच ना, असे कोणी म्हणेल. पण दोघांची घरे वेगळी आहेत. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटसारख्या उंच पठारांवरच्या तलावांकाठी वीण करतो. काळ्या डोक्याच्या कुरवाची वीण युरोपपासून थेट पूर्व आशियापर्यंत पसरलेली आहे. २००५ साली चीनमधल्या छिंगहाई तलावावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यांत तपकिरी डोक्याचे कुरवही होते. अशा आपत्तीचा परिणाम कोकणात येणाऱ्या थव्यांवर झाला की नाही, हे तपासायचे तर जुन्या नोंदींत दोन्ही जातींचे आकडे वेगळे असावे लागतात. एकत्र लिहिलेला आकडा नंतर फोडता येत नाही.

याहून वजनदार आक्षेप असा, की जात लिहिण्याचा आग्रह धरला तर लोक अंदाजाने लिहितील आणि चुकीची नोंद अपुऱ्या नोंदीपेक्षा घातक ठरेल. हा आक्षेप मला मान्य आहे. तपकिरी डोक्याच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाचा डोळा गडद असतो, पंखावर पांढरे ठिपकेही नसतात. तिथे सरावलेली नजरही थबकते. म्हणून प्रत्येक गणनेच्या तक्त्यात ‘कुरव, जात अनिश्चित’ असा रकाना हवाच आणि तो भरण्यात कोणाला कमीपणा वाटू नये. राहिला मोबाइल ॲपचा मुद्दा. ॲपला फोटोत जे दिसते तेवढ्यावरच ते नाव सुचवते. दूर वाळूवर पंख मिटून बसलेल्या पक्ष्याच्या धूसर फोटोत ना डोळा दिसतो, ना पंखाचे टोक. पक्षी उडेपर्यंत थांबायचे आणि पंख उघडताना टिपायचे, हे काम कॅमेरा धरणाऱ्याचेच आहे.