नोंदणी झाली, पालनाचे काय?

भिलाईच्या पावर हाउसमधील मे महिन्याची दुपार ज्याने अनुभवली आहे, त्याला कोरडी उष्णता म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवेत ओलावा नावालाही उरत नाही. अशा ठिकाणी एखाद्याने हौसेने रेनबो बोआ सापाचे पिल्लू घरी आणले, तर त्याचे काय होईल? हा प्रश्न केवळ प्राणिप्रेमींचा नाही, प्रशासनाचाही आहे, असे मला वाटते.

हा साप दक्षिण अमेरिकेतील दमट अरण्यांचा रहिवासी. बिनविषारी, निशाचर, आणि अंडी न घालता पिल्ले देणारा. खवल्यांवरील अतिसूक्ष्म रेषांमुळे उजेडात त्याच्या अंगावर इंद्रधनुष्याचे रंग उमटतात. जन्मतः जेमतेम हातभर असणारा हा जीव पुढे पाच-सहा फुटांचा होतो आणि नीट सांभाळल्यास वीस वर्षे जगू शकतो.

पिल्लाच्या गरजा मोजक्या, पण कडक आहेत. पेटीत सुमारे ८० टक्के आर्द्रता आणि साधारण २४ ते २९ अंश तापमान हवे. पारा ३२ अंशांच्या वर राहिला की त्याच्या जिवाला धोका. मोठ्या सापापेक्षा पिल्लाच्या शरीरातील पाणी लवकर घटते आणि मग कात नीट न सुटता अंगावरच अडकते. ओले शेवाळ घातलेला लपण्याचा डबा, रोज बदललेले पाणी, ओलीबरोबर खेळती हवा, आठवड्या-दहा दिवसांनी त्याच्या जाडीला साजेसा मेलेला लहान उंदीर, आणि खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात न लावणे, एवढे सारे नियमाने व्हावे लागते. उन्हाळ्यात कूलर खोली ओलसर ठेवतो खरा. पण भर दुपारी वीज गेली तर? आणि डिसेंबरच्या रात्री नेमकी उलटी चिंता, उबेची.

आता कायदा पाहू. २०२० साली केंद्राने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि बोआ कुळातील साप चौथ्या अनुसूचीत आले. २०२४च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत ‘परिवेश’ संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीसाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. (आपला देशी अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, तो हौस म्हणून घरात ठेवणे हा सरळ गुन्हा, हे विसरू नये.)

ही व्यवस्था आवश्यकच आहे. परंतु नोंदणीने साप कोणाचा, हे कळते. तो जगेल याची हमी मिळत नाही. आपल्या प्रशासनाची एक जुनी सवय अशी, की कागद पूर्ण झाला की काम पूर्ण झाले असे मानायचे.

विदेशी प्राणी पाळण्यावर सरसकट बंदीच घाला, असे काही जण म्हणतात. त्यामागची कळकळ मला मान्य आहे. पण जे प्राणी आधीच घरांत आहेत, त्यांचे काय? धास्तावलेला मालक रात्री साप नाल्याकाठी सोडून देईल. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर असेच पसरले आणि तेथील सस्तन प्राण्यांची मोठी हानी झाली.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. नोंदणीसोबत पालनाची एक पानी माहिती स्थानिक भाषेत हाती पडावी. प्रत्येक जिल्ह्यात निदान एका पशुवैद्याला सर्पचिकित्सेचे प्रशिक्षण मिळावे. भिलाईत तर पोलाद कारखान्याने उभारलेल्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयाच्या अनुभवाची त्यासाठी मदत घेता येईल. आणि ज्याला सांभाळणे जमत नाही, त्याला चौकशीच्या भीतीविना प्राणी सुपूर्द करण्याची सोय असावी.

आणि पावर हाउसमधल्या हौशी तरुणांना एक विनंती. पिल्लाच्या आधी आर्द्रतामापक घरी आणा. मे महिन्यात आठवडाभर रोज दुपारी त्यावरचा आकडा वहीत लिहा आणि मगच निर्णय घ्या.