राळेची पारख आणि खानदेश

सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, कापूस-तुरीच्या आडोशाने लावलेला गांजा पोलिसांनी उपटल्याचे वृत्त वाचकांस आता नवलाचे राहिलेले नाही. झाडे नष्ट होतात, जमीन कसणारा अटकेत जातो. बियाणे कोणी दिले व माल कोण उचलणार होता, हे मात्र वृत्ताच्या चार ओळींत मावत नाही.

गांजाचे सारे मोल मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींतून स्रवणाऱ्या राळेत असते. बी धरले की कस उतरतो, म्हणून नर झाडे आधीच उपटण्याची रीत जुनी आहे. १८९३-९४ च्या सरकारी आयोगाने तिची सविस्तर नोंद केली. मुंबई इलाख्यात ही लागवड तेव्हा मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होती. राळेचा पोत पाहूनही बी राखले जाई. हिमालयात फुलोरा तळहातांवर चोळून चरस काढतात, तेथे हाताला बिलगणारी राळ हवी; अफगाणिस्तानात वाळला फुलोरा चाळतात, तेथे कोरडी, सहज सुटणारी राळ सरस ठरते. शेतकऱ्याच्या बोटांनी केलेले हे वाणसंशोधनच होय!

परंतु चिकटपणा म्हणजे मादकता नव्हे. मादक टीएचसी आणि नशा न आणणारे सीबीडी ही द्रव्ये त्याच ग्रंथींत तयार होतात. तेव्हा राळेने माखलेले झाड जवळजवळ निरुपद्रवी असू शकते. हा भेद प्रयोगशाळेलाच कळतो, फौजदारास नव्हे आणि शेतकऱ्यासही नव्हे. १९८५ च्या कायद्याचे चौदावे कलम धागा व बी यांसाठी लागवडीची वाट मोकळी ठेवते. उत्तराखंडाने २०१८ साली ती धरली व टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठरविली.

खानदेशानेही तीच वाट धरावी, असे कोणी सुचवील. आमच्या मते घाई नको. या झाडाचे परागण वाऱ्याने होते. चोरट्या लागवडीतील एखादे नर झाड सुटले, तरी आसपासच्या सौम्य वाणाचे बी शुद्ध राहणार नाही. प्रयोग व्हायचाच तर तो राहुरीच्या कृषी विद्यापीठाने, सातपुड्यापासून दूर, बंदिस्त जागेत करावा. पोलिसांनीही शेतापाशी न थांबता बियाण्याचा माग काढावा.

दरम्यान, ‘परवानगीचे बियाणे’ म्हणून कोणी दलाल पुडी पुढे करील, तर शेतकऱ्याने आधी सरकारी परवाना मागावा. गांजाच्या लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि पंचनामा होतो तो झाड जेथे उभे असेल त्या शेताचा.