अंडाशयाचा कर्करोग : ‘स्टेज’च्या आकड्यामागे काय?

कर्करोगाचे निदान झाले की नातेवाइकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘कितव्या स्टेजचा?’ उत्तरादाखल आलेल्या आकड्यावरून घराचे धैर्य टिकते वा खचते. अंडाशयाच्या कर्करोगात हा आकडा जितका महत्त्वाचा, तितकाच गैरसमजाने वेढलेला आहे. त्या गैरसमजावर शहरांत तपासणी ‘पॅकेज’चा एक बाजारही उभा राहिला आहे.

भारतीय महिलांत स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाखालोखाल या रोगाचा क्रमांक लागतो. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे ४७ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ३३ हजार महिला दगावल्या. बहुसंख्य रुग्णांत निदान होते ते तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात.

टप्पे ठरविण्याची सध्याची पद्धत ‘फिगो’ या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१४ मध्ये सुधारून प्रसिद्ध केली. पहिल्या टप्प्यात रोग अंडाशय वा बीजवाहिनीपुरता सीमित असतो. दुसऱ्यात तो ओटीपोटातील शेजारच्या अवयवांवर पसरतो. तिसऱ्यात ओटीपोटाची सीमा ओलांडून उदरपोकळीच्या अस्तरावर किंवा पोटाच्या मागील बाजूच्या लसिकाग्रंथींत पोहोचतो. चौथ्यात फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडतात किंवा यकृताच्या आत अथवा पोटाबाहेरील अवयवांत रोग आढळतो. अमेरिकेतील नोंदणीनुसार रोग अंडाशयापुरता असताना सापडल्यास पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक महिला हयात असतात. दूरवर पसरल्यावर हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर येते.

हा टप्पा केवळ सोनोग्राफी वा स्कॅनवरून पक्का ठरत नाही. तो ठरतो शस्त्रक्रियेच्या टेबलावर. अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोग पहिल्या वा दुसऱ्या टप्प्यात असल्याचे समजल्या गेलेल्या १०० महिलांची पुन्हा काटेकोर तपासणी झाली, तेव्हा ३१ जणींचा रोग पुढे गेलेला आढळला. उलट, अंडाशयापुरती असलेली गाठ शस्त्रक्रियेत फुटली तर केवळ तेवढ्याने रुग्ण ‘१ ए’मधून ‘१ सी’त जाते व केमोथेरपीचा प्रश्न उभा राहतो. ‘साधी सिस्ट आहे, दुर्बिणीतून काढून टाकू’ असे सांगितले जाते, तेव्हा गाठ संशयास्पद नाही ना, हे आधी विचारून घेणे म्हणूनच रुग्णाच्या हिताचे ठरते.

मग रोग लवकर सापडावा म्हणून दरवर्षी चाचणी का करू नये? पॅकेजमध्ये ‘सीए-१२५’ ही रक्तचाचणी असते ती याच तर्काने. परंतु पहिल्या टप्प्यातील जवळपास निम्म्या रुग्णांत हे प्रथिन वाढलेलेच नसते. याउलट एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, गर्भारपण, मासिक पाळी आणि आपल्याकडे पोटाचा क्षयरोग यांतही ते वाढते. ‘नॉर्मल’ अहवाल फाइलमध्ये लावून निश्चिंत व्हावे, अशी ही चाचणी नव्हे.

या तर्काची सर्वांत मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. २००१ ते २००५ दरम्यान ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक महिला तीत सहभागी झाल्या. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. रक्तचाचणीच्या गटात पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटापेक्षा ३९ टक्क्यांनी अधिक भरले; मृत्यू मात्र घटले नाहीत. त्याआधी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत खोट्या इशाऱ्यामुळे १,०८० महिलांवर शस्त्रक्रिया झाली व त्यांतील सुमारे १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली.

टप्पा म्हणजे एकेक करून चढायच्या पायऱ्या, ही समजूत येथे कोसळते. सर्वाधिक आढळणारा व सर्वाधिक घातक प्रकार बहुधा बीजवाहिनीच्या टोकाशी उगम पावतो. तेथून सुटलेल्या पेशींना उदरपोकळीत अडवणारे काही नसते. पहिल्या टप्प्यात रेंगाळणारे ट्यूमर पुष्कळदा वेगळ्या, संथ प्रकारचे असतात.

लक्षणे असलेल्या महिलेची गोष्ट वेगळी. पोट सतत फुगलेले वाटणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे हा त्रास नव्याने सुरू होऊन महिन्यात १२ पेक्षा अधिक वेळा होत असेल, विशेषतः वय पन्नाशीपुढचे असेल, तर ‘सीए-१२५’ करावी, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०११ मध्येच सांगितले. आपल्याकडे असा त्रास महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर निभावला जातो.

तिसरा टप्पा म्हणजे सारे संपले, हेही आता खरे राहिलेले नाही. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील, ‘बीआरसीए’ जनुकात दोष असलेल्या आणि केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या महिलांना ‘ओलापॅरिब’ देऊन पाहिले असता सात वर्षांनंतर त्यांतील ६७ टक्के हयात होत्या. हे औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण ४६.५ टक्के होते. अंडाशयाच्या आवरणपेशींतून उद्भवणाऱ्या कर्करोगात टप्पा कोणताही असो, ही जनुकचाचणी व्हावी, अशी शिफारस आहे. दोष सापडल्यास रुग्णाच्या बहिणी व मुलींचीही चाचणी करता येते. त्यांच्यातही तो आढळला, तर अपत्ये झाल्यावर बीजवाहिन्या व अंडाशय काढून टाकण्याचा पर्याय त्यांच्यापुढे रोग होण्याआधीच असतो.